बॅकअप घेतला होता

वर्षालीला एका जागी बसवत नाही. हे तिच्या घरात इतकं मुरलेलं आहे, की आता त्यावर कुणी बोलतही नाही. चहा ती उभ्यानं पिते. कुकर गॅसवर असतो तोवर हिचा एक पाय चपलेत गेलेला असतो. नवरा, दिग्विजय, पाहुण्यांना लग्नाचा अल्बम दाखवताना सांगतो, की फोटोग्राफर चांगला होता, पण नवरी तेवढी हललेली आली आहे.

वडील बार्शीकडून कासारवाडीला आले आणि गाड्यांची सीटकव्हरं शिवत राहिले. दिवसभर मशिनीवर मान खाली घालून बसलेला बाप पाहून असेल, नाहीतर जन्मजात असेल, पण वर्षालीनं डिप्लोमा केला तोही फिरत फिरत. मग चाकणला एका कंपनीत कॉम्प्युटरच्या हेल्पडेस्कवर लागली. तिथं तिच्या स्वभावाचं सोनं झालं. कुणाचा कॉम्प्युटर अडला की तक्रार यायची, तिला ‘तिकीट’ म्हणायचे, आणि भिंतीवरच्या पडद्यावर ते तिकीट लाल होऊन लुकलुकत राहायचं. वर्षाली धावत जायची, नीट करायची, तिकीट बंद करायची आणि पुढचं उचलायची. शॉपफ्लोअरवरचे लोक तिला ‘अँब्युलन्स’ म्हणायचे. पुढं कंपनीनं हेल्पडेस्कच बाहेरच्यांना देऊन टाकला आणि वर्षाली घरी आली. घरी म्हणजे स्कूटरवर. आता निगडीपासून चऱ्होलीपर्यंत लोकांच्या घरातले कॉम्प्युटर ती दुरुस्त करते. पाठीवरच्या सॅकमध्ये पेनड्राइव्ह, स्क्रूड्रायव्हर, डिस्क जोडायची केबल, धूळ झाडायला रंगाचा ब्रश आणि स्वतःचा लॅपटॉप. भिंतीवरचा पडदा मात्र डोक्यातून गेलेला नाही. एका घराची बेल वाजवतानाच पुढचं घर तिला लाल दिसायला लागतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी ती चऱ्होलीच्या एका नव्या टॉवरमध्ये गेली. आजूबाजूला अर्धे टॉवर उभे, अर्धे उभे राहायचे; डंपरची धूळ सातव्या मजल्यापर्यंत. दार सोजरबाईंनी उघडलं. साठी ओलांडलेली, कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. चप्पल काढायच्या आत त्यांनी वर्षालीला सगळं सांगून टाकलं. मशीन चालू असताना काहीतरी ‘अपडेट’ सुरू होतं, तेवढ्यात लाइट गेली, आणि तेव्हापासून नुसतं निळं होतंय आणि गोल गोल फिरतंय. आत यांची गाणी आहेत. ती मिळाली पाहिजेत. बाकी मशीन भंगारात गेलं तरी चालेल.

यांची म्हणजे भिवाकाकांची. ते खिडकीजवळ खुर्चीवर बसले होते. गळ्याशी मलमलचा पांढरा रुमाल, मांडीवर लहान मुलांची ती पाटी असते ना, पेननं लिहायचं आणि खालची पट्टी सरकवली की खर्रकन पुसलं जातं, तसली. सोजरबाई सांगत होत्या आणि काका मान हलवत होते. कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशिनींवर, तीस-बत्तीस वर्षं नोकरी आणि त्याच्या जोडीनं गायन पार्टी. चौदा एप्रिलच्या जयंतीचा महिना लागला, की पिंपरीपासून देहूरोडपर्यंत त्यांची तारीख मिळायची नाही. गाणी स्वतःच बांधायचे, स्वतःच गायचे. मग घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढलं. माणूस वाचला, आवाज गेला. कॅसेटींवरची गाणी मुलानं, नागसेननं, पिंपरीतल्या एका दुकानातून कॉम्प्युटरवर घालून आणली. कॅसेटी बुरशीनं खाल्ल्या होत्या, त्या कासारवाडीहून इकडे येताना टाकून दिल्या. म्हणजे भिवाकाकांचा आवाज आता जगात उरला होता तो त्या टेबलाखालच्या काळ्या डब्यात.

वर्षालीनं हे सगळं ऐकलं. म्हणजे कानावर पडलं. डोक्यात निगडी प्राधिकरणातल्या एका सरांचं घर लाल झालं होतं. त्यांची संध्याकाळची ऑनलाइन शिकवणी होती आणि त्यांचा कॉम्प्युटरही बंद पडला होता.

सोजरबाईंनी खुर्ची पुढं ओढली, म्हणाल्या, बस जरा, पाणी घे. वर्षाली म्हणाली, नको काकू, उभ्यानं बरं पडतं.

तिनं मशीन चालू केलं. कंपनीचं चिन्ह, खाली गोल फिरणारे ठिपके, मग ‘दुरुस्तीची तयारी चालू आहे’ अशी ओळ, मग निळा पडदा, मग पुन्हा चिन्ह. तिनं आपला पेनड्राइव्ह लावून मशीन त्यावरून उघडलं. आपोआप दुरुस्ती करून बघितली. मशीननं कळवलं की जमत नाही. अर्धवट घुसलेला अपडेट काढायला घेतला, तोही निघेना. मग काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून डिस्क तपासायला लावली. टक्के वर चढायला लागले, एक एक करून, आजारी माणसानं जिना चढावा तसे. वर्षाली गॅलरीत जाऊन आली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन आली. भिवाकाका तिच्याकडं क्रिकेटची मॅच बघावी तसे इकडून तिकडं मान वळवत बघत होते.

निदान झालं. डिस्क धडधाकट होती. लाइट गेली तेव्हा सिस्टिमच्या फाइली अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या राहिल्या होत्या आणि त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या. यावर खात्रीचा इलाज एकच, सगळं पुसून सिस्टिम नव्यानं टाकायची. आणि त्याच्या आधी करायचं काम तिला झोपेतही पाठ होतं: डिस्क बाहेर काढायची, आपल्या लॅपटॉपला जोडायची, गाणी उतरवून घ्यायची. पण डिस्क जुनी, गोगलगाईच्या चालीची. तास-दीड तास नुसतं बघत बसायचं. तेवढ्यात सरांचा तिसऱ्यांदा फोन येऊन गेला.

“काकू,” तिनं विचारलं, “बॅकअप घेतला होता ना?”

“घेतला की,” सोजरबाई म्हणाल्या. “हे बिघडलं त्याच आठवड्यात नागसेननं घेतला. नवाकोरा.”

“चालतोय ना पण? तपासून बघितलाय?”

“चालतोय म्हंजे काय? परवाच चालला.”

भिवाकाकांनीही अंगठा वर केला.

वर्षालीला बरं वाटलं. मुलगा कंपनीत क्वालिटीला होता म्हणे. तसली माणसं व्यवस्थित असतात. तिनं डिस्कवरची जुनी वाटणी, म्हणजे पार्टिशन, पुसायला घेतली. मशीननं विचारलं, इथला सगळा डेटा जाईल, चालेल का? ती चालेल म्हणाली. हा प्रश्न मशीन तिला रोज विचारतं. नवी सिस्टिम उतरायला लागली. तिनं सरांना मेसेज टाकला की अर्ध्या-पाऊण तासात पोचते. सोजरबाई चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.

आणि लाइट गेली.

पंखा हळूहळू थांबला. फ्रिजचा घुरघुराट बंद झाला. सगळ्या टॉवरमधून एकदम शांतता उतरली, आणि त्या शांततेत टेबलाखालून आवाज यायला लागला: टीं… टीं… टीं… कॉम्प्युटरचा पडदा तसाच उजळलेला. टक्के तसेच चढत होते.

सोजरबाई हात पुसत बाहेर आल्या. चेहरा कौतुकानं भरलेला. टेबलाखालच्या चपट्या डब्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, “बघ. म्हनलं नव्हतं का? ह्यो बॅकअप. लाइट गेली तरी आता मशीन बंद पडत न्हाई. आधीच घेतला असता तर हे सगळं झालंच नसतं.”

वर्षाली वाकली. यूपीएसचा डबा होता. बॅटरीचा. नवाकोरा. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

ती गुडघ्यांवर पडली आणि तिनं मशीनची वायर उपटून काढली.

पडदा काळा झाला. डब्याचं टीं टीं चालूच.

“अगं,” सोजरबाई म्हणाल्या, “चालू होतं की. बंद कशाला केलंस?”

वर्षालीच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. या धंद्यात ते प्रत्येकाच्या जिभेवर तयारच असतं: डिस्क जुनी होती, अपडेटनं खाल्ली, कुणाच्या हातात नव्हतं. या घरात ते खोटं आहे असं कुणीच म्हणू शकलं नसतं. भिवाकाका खुर्चीत पुढं सरकून बसले होते आणि काळ्या पडद्याकडं नाही, तिच्याकडं बघत होते.

“काकू, मी म्हणत होते तो बॅकअप हा नव्हे.”

“मग कुठला?”

“गाण्यांची दुसरी कॉपी. पेनड्राइव्हवर, मोबाइलवर, कुठंतरी. ती आहे का, असं मी विचारत होते. तुम्ही घेतला म्हणालात आणि मला वाटलं… मी मशीन पुसायला घेतलं. माझी चूक आहे. मी तुम्हाला दाखवा म्हणायला पाहिजे होतं.”

सोजरबाईंना ते पोचायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, “म्हंजे गाणी गेली?”

“गेली असं लगेच नाही म्हणता येणार. सिस्टिम जेवढी उतरली तेवढी जागा…”

“इकडचं तिकडचं नको सांगू. गेली का हायेत?”

“माहीत नाही,” वर्षाली म्हणाली.

भिवाकाकांनी पाटीवर काहीतरी लिहिलं आणि तिच्यापुढं धरलं. ‘कसं कळणार?’ एवढंच होतं. तिनं ती पाटी त्यांच्या हातातून घेतली, पट्टी खर्रकन सरकवली आणि उजेडाकडं तिरकी धरली. पुसलेल्या अक्षरांचे करडे वळ अजून दिसत होते. ती म्हणाली, काका, डिस्कचंही असंच असतं. पुसलं म्हणजे इथं आता जागा रिकामी आहे एवढंच तिनं लिहून ठेवलेलं असतं. खालची गाणी तशीच असतात, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. नवी सिस्टिम थोडी लिहून झालीय. ती नेमकी कुणाच्या डोक्यावर बसलीय ते शोधावं लागेल. त्याला वेळ लागतो. घाई केली तर उरलंय तेही जाईल.

काकांनी पाटी परत घेतली. दोन्ही हातांनी नुसती सपाट धरून ठेवली.

तिनं कॉम्प्युटरचा डबा उघडून डिस्क बाहेर काढली. ती जोडायची केबल प्लगला लावावी लागते, आणि लाइटचा पत्ता नव्हता. यूपीएसवर लावायची तिची हिंमत झाली नाही. मध्येच संपला म्हणजे? तेव्हा वाट बघणं आलं. वर्षाली गॅलरीत गेली, परत आली, सॅकची चेन उघडली, लावली, पुन्हा गॅलरीकडं वळली.

“तुला बस म्हनले तवा बसली न्हाईस,” सोजरबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. “आता बस.”

वर्षाली बसली.

सोजरबाईंनी नागसेनला फोन लावला. लागला नाही, कंपनीच्या गेटवर मोबाइल जमा करून घेतात, ब्रेकशिवाय हातात मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, तरी लावला. मग फोन पदराखाली ठेवून दिला. वर्षालीनं चाचरत विचारलं, की त्यांना मी सांगू का. सोजरबाई म्हणाल्या, सांगायला मी हाये की, आधी काय सांगायचं ते तर कळू दे. वर्षालीनं सरांना फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं. सर बरंच काही बोलले. तिनं ऐकून घेतलं.

लाइट आली तशी तिनं केबल जोडली, लॅपटॉपवर शोधायला लावलं आणि पडद्यावर एक पट्टी उमटली. शून्य टक्के. बराच वेळ शून्यच. वर्षालीचा गुडघा टेबलाखाली आपोआप हलायला लागला, टेबल थरथरायला लागलं, आणि त्याबरोबर त्यावरची डिस्कही. तिनं दोन्ही हातांनी आपलाच गुडघा दाबून धरला. चाकणच्या त्या पडद्यावर अशी पट्टी कधी नव्हती. तिथं लाल होतं आणि मग नव्हतं. पुसलं जात असताना जिच्या लक्षात आलं नव्हतं, तिला आता परत येताना दाण्यादाण्यानं बघावं लागत होतं.

सोजरबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. थोड्या वेळानं त्यांचं बोलणं आपोआप सुरू झालं. वर्षालीशी नाही, पट्टीशी बोलावं तसं. पार्टीत त्या कोरसला असायच्या, मागच्या ओळीत. पहाटेपर्यंत कार्यक्रम आणि तिथूनच हे फर्स्ट शिफ्टला जायचे, डोळे लाल, आणि मशिनीवर उभ्या उभ्या नवं गाणं बांधायचे. प्रेसच्या दणक्यावर ताल धरायचे म्हणे. ऑपरेशन झालं तेव्हा नागसेनचं लग्नही व्हायचं होतं. आता नात शाळेत जाते. तिनं आजोबाला कधी बोलताना ऐकलेलं नाही. तिला वाटतं आजोबा म्हणजे पाटीच. गाणं लावलं तर विचारते, हे कोण गातंय?



पट्टी पुढं सरकली. पहिली फाइल सापडली, मग आणखी. पण एकीलाही नाव नव्हतं. नागसेननं घातलेली सगळी नावं, कुठला कार्यक्रम, कुठलं साल, पुसताना निघून गेली होती. उरले होते नुसते आकडे. वर्षालीनं ते आधीच सांगून टाकलं, आणि हेही, की काही फाइली उघडणार नाहीत, काही मध्येच तुटतील. मग तिनं पहिल्या आकड्यावर क्लिक केलं. खरखर, आणि पुढं काहीच नाही. दुसरीतही तेच. सोजरबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

तिसऱ्या फाइलमधून पेटीचा सूर आला आणि त्यावर एक भरदार, उंच आवाज खोलीत शिरला. भिवाकाकांनी डोळे मिटले. मग पाटी ओढली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘देहूरोड’.

“कुठलं देहूरोड,” सोजरबाई म्हणाल्या. “फुगेवाडी हाय ती. देहूरोडला खंडू ढोलकीला नव्हताच. त्याला कावीळ झालती.”

काकांनी ‘देहूरोड’च्या खाली रेघ ओढली. सोजरबाईंनी ‘म्हातारं हट्टी’ एवढं म्हणून वाद सोडून दिला, आणि वर्षालीनं गुपचूप त्या फाइलला ‘फुगेवाडी किंवा देहूरोड’ असं नाव दिलं.

असंच चाललं. एक आलं, एक अर्धं आलं, एक आलंच नाही. जे सापडेल ते वर्षाली लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर आणि सोजरबाईंच्या मोबाइलवरही उतरवून ठेवत होती. बाहेर ऊन उतरत होतं. निम्म्याहून जास्त गाणी हाती लागली, पण काकांनी पाटीवर जी दोन गाणी पुन्हा पुन्हा विचारली त्यांतलं एक कुठल्याच आकड्यात नव्हतं. माणगावच्या परिषदेवर बांधलेलं, नागसेन जन्मला त्या वर्षीचं. वर्षालीनं शेवटपर्यंत शोधलं आणि मग त्यांच्याकडं बघून सांगितलं, “काका, ते गेलं. माझ्यामुळं गेलं.”

काकांनी मान हलवली. रागानं नाही, पण जाऊ दे असंही नाही. ऐकलं, एवढंच. वर्षालीला उठून जावंसं वाटलं, आणि ती उठली नाही.

एक फाइल राहिली होती. आकारानं एवढीशी. तिनं ती लावली. लावतानाच सांगितलं, की ही बहुतेक अशीच फुसकी निघेल.

खरखर. मग माणसांचा गलका, लांबून लाउडस्पीकरवर कुणीतरी ‘हॅलो, हॅलो’ म्हणत होतं. पेटीवर कुणी बोट टेकवून बघितलं. गाण्याच्या आधीचा भाग होता तो, पार्टी स्टेजवर बसताना कुणीतरी टेप चालू करून ठेवलेला. आजवर गाणं लावताना हा भाग प्रत्येक वेळी पुढं ढकललेला. आणि मग माइकपासून थोडा बाजूला, घाईतला, साधा, न गाणारा आवाज आला, बाजारात, जिन्यात, शिफ्टवरून घरी आल्यावर ऐकू यावा तसा.

“ए खंडू, चढव जरा ती, ढोलकी हाय का डबा?” कुणीतरी हसलं. मग तोच आवाज मान मागं वळवल्यासारखा: “सोजर, तांब्या कुठं ठिवलास गं?”

“तितंच हाय की,” सोजरबाई म्हणाल्या. “पेटीच्या मागं.”

त्या बोलल्या आणि त्यांचं त्यांनाच कळलं. तोंडावर पदर गेला. भिवाकाका खुर्चीत ताठ झाले होते. त्यांचा हात आपल्या गळ्याच्या रुमालाकडं गेला आणि तिथंच राहिला.

“हां, सापडला,” टेपमधला माणूस म्हणाला. घोट घेतल्याचा आवाज आला. ढोलकीवर एक थाप पडली, आणि फाइल तिथंच तुटली.

वर्षालीनं खाकरून सांगायला घेतलं, की यातलं पुढचं गाणं काही मिळायचं नाही, एवढाच तुकडा…

“गाणं राहू दे,” सोजरबाई म्हणाल्या. “हेच परत लाव.”